हे वाक्य नक्की कोणाचे? आलेला मजकूर पडताळून पाहण्याची रीत

२ मे २०११ रोजी ओसामा बिन लादेन मारला गेल्याची बातमी आली आणि काही तासांतच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने एक वाक्य जगभर फिरू लागले. हजारो मोलाचे जीव गेल्याचे मला दुःख आहे, परंतु एकाच्याही मृत्यूचा, मग तो शत्रू का असेना, मी आनंद मानणार नाही, असा त्याचा आशय होता. हे वाक्य किंग यांचे नव्हते. गंमत म्हणून किंवा फसवण्यासाठी ते कोणी रचलेलेही नव्हते. एका तरुणीने फेसबुकवर स्वतःची भावना एका वाक्यात लिहिली होती आणि त्याच्या पुढे, अवतरणचिन्हांत, द्वेषाला द्वेषाने उत्तर दिल्यास द्वेषच वाढतो असे सांगणारा किंग यांचा खराखुरा उतारा दिला होता. मजकूर उचलून पुढे पाठवताना कोणाकडून तरी अवतरणचिन्हे गळाली आणि तिचे वाक्य व किंग यांचा उतारा एकजीव झाले. पुढे ट्विटरवरच्या तेव्हाच्या १४० अक्षरांच्या मर्यादेत सगळा मजकूर मावेना, म्हणून खरा उतारा छाटला गेला आणि मागे उरले ते तिचे वाक्य आणि त्यांचे नाव.

ही घटना मी मुद्दाम आधी सांगितली, कारण पडताळणी म्हटले की आपण लबाड माणसाचा शोध घेऊ लागतो. पाठवणारा विश्वासू आहे, शिकलेला आहे, घरातला आहे, तेव्हा मजकूर खरा असणार, असा हिशेब आपण मनातल्या मनात मांडतो. वरच्या घटनेत लबाड कोणीच नव्हते, तरीही शेवटी जे हाती आले ते चुकीचे होते. म्हणून मजकूर कोणी पाठवला आणि तो मनाला पटतो का, हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवून एकच प्रश्न धरून बसावे लागते: हे शब्द सर्वांत आधी कुठे आले? पुस्तक, पान, भाषणाची तारीख, पत्र, मुलाखत, ध्वनिमुद्रण यांपैकी काहीतरी दाखवता आले पाहिजे. फोटो आणि त्याखाली नाव एवढेच असेल, तर तो संदर्भ नव्हे.

आधी दाव्याचे तुकडे करा

आलेला मजकूर एकसंध दिसतो, पण त्यात बहुधा तीन-चार वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले असतात. शब्द अमुक आहेत, ते अमुक व्यक्तीने उच्चारले, अमुक दिवशी उच्चारले, अमुक ठिकाणी उच्चारले. कागदावर हे वेगवेगळे लिहून काढले की कोणता धागा ओढून पाहावा ते समजते; आणि अनेकदा शब्दांपर्यंत पोहोचण्याआधीच तारीख किंवा ठिकाण कोसळते.

लॉर्ड मेकॉले यांच्या नावावरचा प्रसिद्ध उतारा हे याचे उत्तम उदाहरण आहे. मी हिंदुस्थानभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा सांस्कृतिक कणा मोडल्याशिवाय आपण तो जिंकू शकणार नाही, असे मेकॉले २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये म्हणाले, असा तो दावा आहे. यातला तारखेचा आणि ठिकाणाचा भाग घ्या. मेकॉले १८३४ मध्येच हिंदुस्थानात आले होते आणि त्या दिवशी ते कलकत्त्यात होते. लंडनच्या पार्लमेंटमध्ये भाषण करणे त्यांना शक्यच नव्हते. ती तारीख मात्र हवेतून आलेली नाही. त्यांच्या शिक्षणविषयक टिपणावर हीच तारीख आहे आणि ते टिपण आजही पूर्ण वाचायला मिळते. त्यात हा उतारा नाही. त्यात आहे ते इंग्रजी शिक्षणाचे समर्थन आणि इथल्या वाङ्मयाविषयीची उघड तुच्छता. एका चांगल्या युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीला भारताचे व अरबस्तानाचे सगळे वाङ्मय तोलणार नाही, अशा अर्थाचे विधान त्यात आहे. मेकॉले यांच्या धोरणावर टीका करायची असेल त्याला हा अस्सल कागद पुरेसा आहे, आणि खोटा उतारा वापरल्याने त्याचीच बाजू दुबळी होते.

खऱ्या तारखेवर खोटे शब्द बसवण्याचा हा प्रकार वारंवार आढळतो. तारीख, ठिकाण, सभेचे नाव असा तपशील दिसला की मजकूर अस्सल वाटू लागतो. परंतु तपशील म्हणजे पुरावा नव्हे. तपशिलामुळे एवढेच होते की तपासण्यासाठी आपल्या हाती काहीतरी लागते.

शोध कसा घ्यावा

संपूर्ण उतारा शोधयंत्रात टाकू नये. त्यातले पाच ते आठ शब्दांचे असे तुकडे निवडावेत की जे सहजासहजी दुसरीकडे येणार नाहीत, आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधावेत, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पाने समोर येतात. एकाने भागत नाही. वाक्य फिरता फिरता झिजते, एखादा शब्द बदलतो, दोन वाक्यांचे एक होते, म्हणून सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे निरनिराळे तुकडे वेगवेगळे शोधावेत. शोधाच्या साधनांत तारखेची मर्यादा घालण्याची सोय असते. ती वापरून मागे मागे जावे आणि सर्वांत जुनी नोंद कोणती ते पाहावे.

मराठीत आलेल्या परकीय वाक्याच्या बाबतीत एक जादा पायरी आहे, आणि ती वगळली तर सगळा शोध वाया जातो. आपल्यापर्यंत आलेले मराठी वाक्य बहुतेक वेळा इंग्रजीचे भाषांतर असते, आणि ते इंग्रजीही कधी फ्रेंचचे, जर्मनचे, पालीचे किंवा फारसीचे भाषांतर असते. मराठी शब्द शोधून जे सापडेल ती फक्त फिरत्या मजकुराची प्रत असेल. म्हणून आधी त्याचे इंग्रजी रूप काय असेल याचा अंदाज घेऊन ते शोधावे, आणि व्यक्ती ज्या भाषेत लिहीत होती त्या भाषेपर्यंत शक्य तितके पोहोचावे. इंग्रजीत सर्वत्र आढळणारे पण लेखकाच्या स्वतःच्या भाषेत कुठेच न सापडणारे वाक्य संशयास्पद मानायला हरकत नाही.

महाजालावरची पाने फार जुनी नसतात, तेव्हा पुस्तकांत शिरणे भाग आहे. गूगल बुक्स आणि इंटरनेट अर्काइव्ह या दोन ठिकाणी लाखो पुस्तकांच्या आत शब्द शोधता येतात. इथे एक सावधगिरी बाळगावी. गूगल बुक्सवर नियतकालिकांची नोंद पुष्कळदा चुकीच्या वर्षाखाली असते. मासिक ज्या वर्षी सुरू झाले तेच वर्ष पुढच्या सगळ्या अंकांना चिकटलेले असते. त्यामुळे १८९० सालची वाटणारी नोंद प्रत्यक्षात १९६० च्या अंकातली निघू शकते. पानाचे छायाचित्र उघडून, मुखपृष्ठ किंवा आजूबाजूच्या मजकुरातल्या घटना पाहून वर्षाची खात्री करावी. ते पान दिसतच नसेल, तर त्या नोंदीवर भार टाकू नये.

सर्वांत जुनी नोंद हाती आली की ती त्या व्यक्तीच्या हयातीशी ताडून पाहावी. ही साधी वजाबाकी आहे, पण मला वाटते सगळ्या पडताळणीत तिच्याइतके काम दुसरे काहीच करत नाही. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा करून निराळ्या परिणामाची अपेक्षा करणे म्हणजे वेडेपणा, हे वाक्य आइन्स्टाइन यांच्या नावावर आहे. आइन्स्टाइन १९५५ साली वारले. या वाक्याच्या छापील नोंदी १९८० च्या दशकाच्या आरंभी, व्यसनमुक्तीच्या साहित्यात व एका कादंबरीत दिसू लागतात. तरीही ती (पृथ्वी) फिरते आहे, असे गॅलिलिओ १६३३ च्या खटल्यानंतर पुटपुटले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. छापील स्वरूपात ती १७५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी दिसते. एवढ्या मोठ्या अंतरावरून वाक्य खोटे ठरते असे नाही, परंतु ते खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते.

थोर व्यक्तींचे समग्र वाङ्मय आता बहुतांशी संगणकावर शोधता येते, ही आपल्या पिढीला मिळालेली मोठी सोय आहे. महात्मा गांधींचे समग्र इंग्रजी वाङ्मय १०० खंडांचे आहे आणि ते खुले आहे. जगात जो बदल पाहायचा तो तुम्ही स्वतः व्हा, हे त्यांच्या नावावरचे सर्वाधिक फिरणारे वाक्य या शब्दांत त्यात सापडत नाही. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या साप्ताहिकात त्यांनी लिहिलेला एक विचार त्याच्या जवळ जातो: आपण स्वतः बदललो तर जगाच्या वृत्तीही बदलतील. दोन्हींत फरक आहे. फिरणारे वाक्य घोषवाक्य आहे, मूळ विचार एका युक्तिवादाचा भाग आहे.

विकिकोट या प्रकल्पात प्रत्येक मोठ्या नावाखाली संदर्भासह उतारे, वादग्रस्त उतारे आणि चुकीने चिकटवलेले उतारे वेगवेगळे दिलेले असतात. इंग्रजी वचनांसाठी कोट इन्व्हेस्टिगेटर हे संकेतस्थळ एकेका वाक्याचा इतिहास वर्षवार मांडते. माझा नेहमीचा क्रम असा की आधी या दोन ठिकाणी पाहावे, कारण पुष्कळदा कोणीतरी आपल्या आधी मेहनत घेतलेली असते. मात्र तिथे जे लिहिले असेल ते अंतिम न मानता त्यांनी दिलेल्या मूळ पानापर्यंत आपण स्वतः जावे.

दहा ठिकाणी आहे म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत

सुविचारांची शेकडो संकेतस्थळे आहेत. तिथे वाक्य असते, नाव असते आणि बहुधा पान क्रमांक, ग्रंथ, वर्ष यांतले काहीही नसते. ती एकमेकांची नक्कल करतात, म्हणून तिथे वाक्य शंभर वेळा सापडले तरी साक्षीदार एकच, आणि तोही अनामिक. संदर्भ न देणारे संकेतस्थळ पडताळणीच्या कामासाठी नसल्यासारखेच मानावे.

वृत्तपत्रांनाही हीच चूक भोवलेली आहे. २००९ च्या मार्चमध्ये संगीतकार मॉरिस जार यांचे निधन झाले, तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून विकिपीडियावरील त्यांच्या पानात स्वतः रचलेले एक भावपूर्ण वाक्य त्यांच्या तोंडी घातले. विकिपीडियाच्या संपादकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढले, तरी तेवढ्या अवधीत निरनिराळ्या देशांतल्या वृत्तपत्रांनी ते मृत्युलेखात उचलले होते. त्याने स्वतःच काही आठवड्यांनी कबुली दिली नसती, तर ती वृत्तपत्रेच पुढे त्या वाक्याचा संदर्भ म्हणून दाखवली गेली असती. विकिपीडियावरून वृत्तपत्रात आणि वृत्तपत्रातून पुन्हा विकिपीडियात, असे हे वर्तुळ पूर्ण झाले की त्याची सुरुवात शोधणे फार कठीण जाते. म्हणून एखाद्या वृत्तपत्राचा संदर्भ मिळाला तरी त्या बातमीत ते वाक्य कुठून आले, हे पाहावे. पानाच्या इतिहासात जाऊन वाक्य कधी व कोणत्या आधारावर घातले गेले, हे विकिपीडियावर कोणालाही पाहता येते.

शब्द खरे, मालकी किंवा अर्थ दुसरा

काही वाक्यांचे मूळ सापडते, पण ते नाव असलेल्या व्यक्तीचे नसते. तुमचे म्हणणे मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन, हे वाक्य व्होल्टेअर यांचे समजले जाते. ते १९०६ साली एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने टोपणनावाने लिहिलेल्या चरित्रात्मक पुस्तकात आले आहे. व्होल्टेअर यांची वृत्ती काय होती हे तिने आपल्या शब्दांत सांगितले, ते अवतरणचिन्हांत छापले गेले आणि वाचकांनी ते त्यांचेच धरले. ते आपले शब्द असल्याचा खुलासा तिने पुढे केला; तोपर्यंत वाक्याने घर बदललेले होते.

भाषांतरात यापेक्षा गंभीर गोष्टी घडतात. कशावरही विश्वास ठेवू नका, मी सांगितले तरी ठेवू नका, तुमच्या स्वतःच्या बुद्धीला आणि व्यवहारज्ञानाला पटले तरच ठेवा, असे बुद्धवचन म्हणून सांगितले जाते. त्याचे मूळ अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या कालाम सुत्तात, म्हणजे कालामांना केलेल्या उपदेशात, दाखवतात, आणि सुत्त खरोखर आहे. ऐकीव परंपरा, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे त्यात आहे. पण केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका, असेही त्याच यादीत आहे. जे आचरल्याने अहित होते ते सोडा, जे आचरल्याने हित होते ते धरा, ही त्या सुत्ताची कसोटी आहे. म्हणजे फिरणारे वाक्य ज्याला अखेरचा न्यायाधीश ठरवते, त्यालाच मूळ सुत्त पुरेसा मानत नाही. इथे वाक्याचे मूळ सापडले यावर समाधान मानून थांबलो असतो, तर चुकीचा अर्थ अस्सल म्हणून पुढे गेला असता. एवढ्यासाठीच मूळ परिच्छेद आधीच्या व नंतरच्या परिच्छेदांसह वाचावा, असे मी आग्रहाने सांगतो.

नाटक-कादंबरीतल्या पात्राचे वाक्य लेखकाच्या तोंडी घालणे, हाही याचाच एक प्रकार. स्वतःशी प्रामाणिक राहा, हे शेक्सपिअरचे म्हणून सांगितले जाते. ते ‘हॅम्लेट’मधल्या पोलोनियसचे आहे, आणि हे पात्र उपदेशाचे डोस पाजणारे, प्रसंगी स्वतःच्या मुलावर पाळत ठेवणारे आहे. त्याचप्रमाणे वक्ता प्रतिपक्षाचे मत खोडून काढण्यापूर्वी ते मांडत असतो. तेवढेच कापून घेतले तर वक्त्याचे मत नेमके उलटे होते. उताऱ्यात मध्येच टिंबे दिसली, तर त्या टिंबांच्या जागी काय होते ते शोधल्याशिवाय उतारा वापरू नये.

संतकवींच्या नाममुद्रेविषयी एक गोष्ट इथेच नोंदवतो. ‘तुका म्हणे’ किंवा ‘कहत कबीर’ असे शेवटी आले म्हणून रचना त्यांचीच ठरत नाही. नाममुद्रा घालून इतरांनी रचलेल्या क्षेपक रचना हस्तलिखितांच्या काळापासून आहेत, आणि आता तर कोणीही चार ओळी जुळवून ती मुद्रा शेवटी लावू शकतो. गाथेची कोणती आवृत्ती आणि अभंगाचा क्रमांक काय, हे विचारावे.

हयात व्यक्तींची विधाने आणि स्क्रीनशॉट

हयात व्यक्तीचे विधान तपासणे सोपे असायला हवे, कारण ते कालपरवाचे असते आणि त्याची ध्वनिचित्रफीत बहुधा उपलब्ध असते. तरीही लोक इथेच अधिक फसतात, कारण पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पुढे केला जातो. स्क्रीनशॉट हे एक चित्र आहे, त्यापलीकडे काही नाही. कोणत्याही ब्राउझरमध्ये पानाचा मजकूर आपल्यापुरता बदलून दाखवण्याची सोय असते; तो बदलून चित्र घेतले तर अक्षरांचे वळण, खूण, वेळ सगळे हुबेहूब दिसते. त्यामुळे ते चित्र बारकाईने न्याहाळत बसण्यात अर्थ नाही. थेट त्या व्यक्तीच्या अधिकृत खात्यावर जाऊन ती नोंद शोधावी. नोंद काढून टाकली आहे असे सांगितले जात असेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची जुनी प्रत साठवली गेली आहे का ते पाहावे. वृत्तवाहिनीचे चिन्ह असलेली पट्टी आली असेल, तर त्याच वाहिनीच्या संकेतस्थळावर ती बातमी आहे का, एवढे पाहणे पुरते. खात्याच्या नावापुढची निळी खूण आता अनेक ठिकाणी पैसे भरून मिळते, तेव्हा तिच्यावरून ओळख पटवू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आवाज आणि चलचित्रे ओळखण्यासाठी ओठ जुळत नाहीत, बोटे सहा आहेत, डोळे मिटत नाहीत, अशा खुणा सांगितल्या जातात. या खुणांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधने सुधारली की खुणा नाहीशा होतात आणि आपण मात्र खूण दिसली नाही म्हणून खोट्याला खरे ठरवतो. त्याऐवजी मूळ प्रसंग शोधावा. हे भाषण कोणत्या कार्यक्रमातले, तिथे इतर कोणाचे कॅमेरे होते का, संपूर्ण ध्वनिमुद्रण कुठे आहे? जाहीर सभेत धक्कादायक विधान झाले आणि ते एकाच तीस सेकंदांच्या फितीत आहे, बाकी कोणाकडेच नाही, असे सहसा घडत नाही.

चॅटबॉटला हे वाक्य कोणाचे असे विचारणे म्हणजे पडताळणी नव्हे. ही साधने पटेलसे उत्तर तयार करतात आणि त्यासोबत अस्तित्वात नसलेले ग्रंथ, पान क्रमांक, निकालही देऊ शकतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, प्रत्यक्षात कधीच न झालेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. शोधाची दिशा मिळवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. मिळालेला संदर्भ उघडून डोळ्यांनी पाहिला नाही तोवर तो संदर्भ नाही.

छायाचित्रे

चित्रावरून शोध घेण्याची सोय गूगल लेन्स आणि टिनआय यांवर आहे. चित्र तिथे चढवावे आणि सर्वांत जुनी प्रत कुठे आहे ते पाहावे. चित्राच्या चौकटी, मथळे, बाण वगैरे कापून फक्त मधला भाग शोधल्यास निकाल सुधारतो. उलटवलेले चित्र असेल तर ते सुलटे करूनही पाहावे. चलचित्रातून तीन-चार स्थिरचित्रे घेऊन तीही अशीच शोधता येतात. पूर आला की रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचे एक चित्र हमखास येते, दर वेळी वेगळ्या शहराच्या नावाने. २०११ च्या आयरीन वादळापासून ते फिरत आहे. त्यातला शार्क २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, छोट्या होडीमागून जाणाऱ्या शार्कच्या अस्सल छायाचित्रातून कापून बसवलेला आहे. बनावट चित्रांपेक्षा अधिक वेळा आढळते ते खरे चित्र, पण जुने किंवा दुसऱ्याच ठिकाणचे. तिथे जुनी प्रत सापडताच काम होते.

आकडे

आकड्याला विचारायचे प्रश्न थोडे आहेत: कोणी मोजले, कधी मोजले, कशापैकी मोजले? २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, आणि तेव्हापासून असत्य सत्याच्या सहा पट वेगाने पसरते हे वाक्य सर्वत्र दिसते. मूळ अभ्यास उघडला तर काय आढळते? २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या साखळ्या, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे पुढे जाणारे त्यांचे प्रवाह, त्यांनी तपासल्या. त्यांत सत्याला १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला असत्याच्या सुमारे सहा पट वेळ लागला. या बातम्या अशा होत्या की तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी ज्यांची आधीच छाननी केली होती. म्हणजे आकडा खरा आहे, पण तो एका माध्यमाविषयी, एका काळाविषयी आणि वादात सापडलेल्या बातम्यांविषयी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रत्येक गप्पेविषयी नाही. खोटेपणाविरुद्ध वापरला जाणारा आकडासुद्धा असा सैल होत जातो.

याच संदर्भात पालकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पालकात लोह भरपूर असते हा समज एकोणिसाव्या शतकातल्या दशांशचिन्हाच्या चुकीमुळे रूढ झाला, असे कितीतरी अभ्यासू लेखांत लिहिलेले होते. २०१० मध्ये एका संशोधकाने मागोवा घेतला, तेव्हा त्या दशांशचिन्हाच्या चुकीचाच पुरावा मिळेना. २०१४ मध्ये ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’मधल्या एका लेखाने ही दंतकथा विद्वानांच्या तळटिपांतून कशी पसरली ते दाखवले: प्रत्येकाने आधीच्याचा संदर्भ दिला, मूळ मात्र उघडले नाही. गैरसमज दूर करणारा मजकूर आला की आपण निर्धास्त होतो. त्यालाही तीच कसोटी लावावी लागते.

माहिती देणारे संकेतस्थळच अपरिचित असेल तेव्हा त्याच्या ‘आमच्याविषयी’ या पानावर वेळ घालवू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली खाली वाचत राहिले. तपासनीस जवळजवळ लगेच ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये, त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते शोधू लागले, आणि त्यांचे निष्कर्ष अधिक लवकर व अधिक अचूक आले.

निष्कर्ष कोणत्या शब्दांत लिहावा

शोध संपल्यावर खरे किंवा खोटे असे दोनच शिक्के हातात घेऊन बसू नये. मूळ सापडले आणि जुळले. मूळ सापडले पण ते दुसऱ्याचे निघाले. शब्द जुळले पण संदर्भ तुटलेला आहे. अमुक अमुक ठिकाणी शोधूनही मूळ सापडले नाही. या चारांतले शेवटचे उत्तर सर्वाधिक वेळा येते आणि तेच लिहायला लोक सर्वाधिक कचरतात. सापडले नाही याचा अर्थ खोटे आहे असा होत नाही. एखादे पत्र, एखादा अप्रसिद्ध अंक अजून संगणकावर आलेला नसेल. परंतु अशा वाक्याखाली नाव लिहिण्याचा अधिकारही आपल्याला मिळत नाही. वाक्य आवडले असेल, तर ते नावाशिवाय लिहावे किंवा ‘यांच्या नावावर सांगितले जाते, मूळ संदर्भ आढळला नाही’ असे स्पष्ट लिहावे. नाव काढल्यावर वाक्यात काही उरत नाही असे वाटले, तर आपण वाक्य पाठवत नव्हतो, नाव पाठवत होतो.

संदर्भ मिळाला तर तो पूर्ण नोंदवावा: लेखक, ग्रंथ, आवृत्तीचे वर्ष, पान, भाषांतर असल्यास भाषांतरकार, आणि महाजालावरचे पान असल्यास आपण ते कोणत्या तारखेला पाहिले. त्या पानाची प्रत वेबॅक मशीनमध्ये साठवून तिची लिंक जवळ ठेवावी, कारण पाने नाहीशी होतात आणि मग आपलाच पुरावा आपल्याला दाखवता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाणांची खूण दिसली तर तो मजकूर पाच किंवा अधिक वेळा पुढे पाठवला गेलेला असतो; तो खोटा आहे असे त्यावरून म्हणता येत नाही, मात्र तो पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही हे निश्चित. पाठवणारे आपल्यापेक्षा वडील असतील किंवा जवळचे असतील, तर सगळ्यांसमोर खोडून काढण्यापेक्षा त्यांना वेगळा निरोप पाठवावा: ‘काका, हे वाक्य मी शोधून पाहिले, मूळ पुस्तकात असे आढळले, सोबत पान जोडतो.’ सोबत पान असले की वाद बहुधा होत नाही, आणि पुष्कळदा तेच स्वतः गटावर दुरुस्ती टाकतात. दुरुस्ती लिहिताना चुकीचे चित्र पुन्हा जसेच्या तसे टाकू नये. टाकणे भागच असेल तर त्यावर आडवी ठळक रेघ मारावी, म्हणजे ते उचलून पुढे पाठवता येणार नाही. आणि चूक आपल्याकडून झाली असेल, तर ज्या ज्या गटांत तो मजकूर पाठवला त्या प्रत्येक गटात, मूळ निरोपालाच उत्तर देऊन, काय चुकले आणि बरोबर काय आहे ते त्याच दिवशी लिहावे.